फियॉर्डमध्ये साचलेला तरंगता बर्फ हिमनदीला खरोखर थोपवतो का?

हिमयात्रिक

ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर इलुलिसात नावाचे गाव आहे. त्याला लागून असलेल्या लांबलचक फियॉर्डला, म्हणजे उंच खडकांच्या मधून आत शिरलेल्या अरुंद, खोल खाडीला, २००४ साली युनेस्कोने जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. या फियॉर्डच्या आतल्या टोकाशी सर्मेक कुयाल्लेक ही हिमनदी समुद्रात उतरते. जुन्या नकाशांत आणि बऱ्याचशा शोधनिबंधांत ती याकोब्सहाव्न या नावाने सापडते. ग्रीनलंडच्या हिमस्तराचा सुमारे साडेसहा ते सात टक्के प्रदेश एकट्या या हिमनदीवाटे रिकामा होत असल्यामुळे तिच्या मुखापाशी काय घडते, याला तिच्या आकाराच्या मानाने फार मोठे महत्त्व आहे.

छायाचित्रांत आपल्याला निळे पाणी आणि त्यावर डुलणारे पांढरे हिमनग दिसतात. ती छायाचित्रे बहुधा फियॉर्डच्या बाहेरच्या तोंडाजवळची असतात. आत, हिमनदीच्या कड्यासमोर, पाणी बहुतेक वेळा दिसतच नाही. शेकडो मीटर उंचीचे हिमनग, घराएवढे तुकडे, त्यांच्या फटींत दाबून बसलेला बारीक चुरा आणि हिवाळ्यात या सगळ्याला सांधणारा समुद्रबर्फ असा एक सलग थर तिथे पसरलेला असतो. हिमशास्त्रात या मिश्रणाला मेलाँज म्हणतात आणि मीही पुढे तोच शब्द वापरतो. फियॉर्डच्या तोंडाशी समुद्रतळाचा एक उंचवटा आहे. आतली खोली सुमारे ८०० मीटर असताना या उंबरठ्यावर पाणी जेमतेम दोन-अडीचशे मीटर खोल आहे. त्यामुळे मोठे हिमनग तिथे तळाला टेकून अडकतात आणि त्यांच्या मागे बाकीचा बर्फ साचत जातो.

हा धागा काढण्याचे कारण असे की, हिमनद्यांविषयीच्या मराठी लेखनात या थराचा उल्लेख झालाच तर तुटून पडलेल्या बर्फाचा उरलेला कचरा असाच होतो. माझ्या मते ही मोठी उणीव आहे. त्याच वेळी काही ठिकाणी नेमके उलटे, म्हणजे हा थर हिमनदीला धरून ठेवणारे धरणच आहे असे लिहिलेले आढळते, आणि तेही बरोबर नाही. मला मांडायचे आहे ते एवढेच की, हिमनदीचा प्रवाह थांबवणे आणि तिच्या मुखावरून सुटू पाहणाऱ्या तुकड्याला उलटू न देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेलाँजला पहिली जवळजवळ जमत नाही, दुसरी मात्र उत्तम जमते, आणि त्या दुसऱ्या गोष्टीचे परिणाम मागे हिमनदीच्या आत दूरवर पोचतात.

तुकडा उलटणे म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळे त्यावरच अवलंबून आहे. सर्मेक कुयाल्लेकच्या मुखाशी बर्फाची जाडी सुमारे एक किलोमीटर असते आणि तिचा बहुतांश भाग पाण्याखाली असतो. मुखाला समांतर भेग पडून जो तुकडा सुटतो, त्याची प्रवाहाच्या दिशेतली रुंदी त्याच्या उंचीपेक्षा पुष्कळ कमी असते. असा उंच आणि अरुंद तुकडा पाण्यात उभा राहू शकत नाही आणि तो आडवा होतो. बहुतेकदा त्याचा तळ समुद्राकडे बाहेर फेकला जातो आणि माथा हिमनदीकडे कलंडतो. या काही मिनिटांच्या उलथापालथीत हिमनदीच्या कड्यावर मागच्या दिशेने एवढा जोर बसतो की, जगभरच्या भूकंपमापकांवर त्याची सुमारे ५ तीव्रतेची नोंद होते. या 'हिमनदीय भूकंपां'चे पहिले वर्णन २००३ साली प्रसिद्ध झाले, आणि ते उन्हाळ्याच्या अखेरीस सर्वाधिक होतात, हेही थोड्याच वर्षांत लक्षात आले.

आता या तुकड्याला आडवे व्हायचे तर समोर जागा हवी. कड्यासमोर घट्ट बसलेला मेलाँज असेल तर ती जागा मिळत नाही. हिवाळ्यात फटींतले पाणी गोठून सगळे तुकडे एकमेकांना जखडले गेले की या हिमनदीवर हिमनग सुटण्याचे जवळजवळ थांबते. प्रवाह मात्र चालूच राहतो. त्यामुळे मुख काही किलोमीटर पुढे सरकते आणि समोरचा सगळा मेलाँज हिमनदीच्याच वेगाने फियॉर्डमधून बाहेर ढकलला जातो. वसंतात सांधा सुटला की तोडफोड पुन्हा सुरू होते आणि मुख मागे हटते. जेसन अ‍ॅमंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या कामात ही यंत्रणा बारकाईने मांडली आहे.

या हिमनदीचा अलीकडचा इतिहासही इथे नोंदवतो. १९९७ च्या सुमारास फियॉर्डबाहेरच्या डिस्को उपसागरात खोलवर उबदार पाणी आले. त्यानंतरच्या काही वर्षांत हिमनदीची सुमारे १५ किलोमीटर लांबीची तरंगती जीभ टप्प्याटप्प्याने तुटत गेली आणि २००३ पर्यंत संपली. १९९२ मध्ये वर्षाला ५.७ किलोमीटर असलेला वेग २००३ मध्ये १२.६ किलोमीटर झाला. २०१२ च्या उन्हाळ्यात तो वर्षाला १७ किलोमीटरच्या वर, म्हणजे दिवसाला सुमारे ४६ मीटर इतका नोंदला गेला. हिमनदीचे तळ आतल्या बाजूला अधिक खोल होत जाते, त्यामुळे मुख मागे हटले की ते अधिक जाड बर्फात जाते आणि वेग आणखी वाढतो. मुख कुठे टिकून राहते याला म्हणूनच एवढे महत्त्व आहे, आणि वर्षातले निदान काही महिने ते ठरवण्यात या तरंगत्या थराचा हात असतो.

ज्यांनी या विषयावर वाचले आहे किंवा प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांनी कृपया भर घालावी. आक्षेप असतील तर तेही अवश्य मांडावेत.

जिज्ञासू_रत्नागिरी

अतिशय माहितीपूर्ण लेख. मला दोन शंका आहेत. तरंगता बर्फ वितळला तरी समुद्राची पातळी जवळजवळ बदलत नाही, हे आपण शाळेत शिकलो. मग या थराची समुद्रपातळीच्या संदर्भात चर्चा का व्हावी? दुसरे असे की, सुट्या तुकड्यांचा एक ढीग किलोमीटरभर जाडीच्या हिमनदीसमोर टिकाव धरतो, हे पटायला जड जाते. यात किती बळ आहे, याचा काही अंदाज देता येईल का?

मापनवेडा

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. मेलाँजमधला बर्फ आधीच तरंगत असल्याने त्याच्या वितळण्याने पातळीत लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. प्रश्न त्याच्या मागून येणाऱ्या, जमिनीवर टेकलेल्या बर्फाचा आहे. तो समुद्रात उतरला की पातळी वाढते, आणि तो किती वेगाने उतरेल यावर मुखाच्या स्थितीचा परिणाम होतो.

दुसऱ्या शंकेसाठी थोडे गणित करू. एक हजार मीटर जाडीचा, तरंगण्याच्या बेतात असलेला हिमकडा घ्या. बर्फाची घनता घनमीटरला ९१७ किलो आणि समुद्राच्या पाण्याची १,०२५ किलो धरली, तर बर्फाचा बाहेर ढकलणारा दाब आणि पाण्याचा आत ढकलणारा दाब यांतला फरक कड्याच्या प्रत्येक मीटर रुंदीमागे सुमारे ४७ कोटी न्यूटन येतो. हिमनदी पुढे सरकवणारे बळ या प्रतीचे आहे. तुकड्याला उलटण्यापासून रोखण्यासाठी मेलाँजने दर मीटरमागे साधारण एक कोटी न्यूटनचा रेटा द्यावा लागतो, असा अंदाज संशोधनात मांडला गेला आहे. म्हणजे प्रमाण जेमतेम दोन टक्के. हिमयात्रिक यांनी केलेला भेद या दोन आकड्यांत स्पष्ट दिसतो: दोन टक्क्यांनी प्रवाह अडत नाही.

मग दोन टक्क्यांनी तुकडा कसा अडतो? उभा तुकडा कलू लागतो त्या क्षणी त्याला उलटवणारे बळ अगदी थोडे असते आणि कल वाढत जाईल तसे ते वाढते. सुरुवातीलाच समोरून थोडासा रेटा मिळाला तर कल वाढतच नाही. एकदा तो बराच कलला की मात्र हाच रेटा अपुरा पडतो आणि तुकडा समोरचा सगळा मेलाँज किलोमीटरभर दूर लोटून देतो.

हा रेटा सुट्या तुकड्यांतून येतो कसा, हे समजायला पिठाच्या गिरणीत जात्याच्या वर बसवलेली धान्याची पेटी आठवावी. दाणे सुटे असतात, तरीही कधीकधी ते एकमेकांवर आणि पेटीच्या भिंतींवर टेकून कमान करतात आणि वरचे सगळे धान्य अडून बसते. हाताने एक थाप मारली की ते धाडकन खाली येते. फियॉर्डच्या दोन्ही बाजूंचे खडक त्या भिंतींचे काम करतात. जस्टिन बर्टन, अ‍ॅमंडसन आणि इतरांनी २०१८ मध्ये प्रयोगशाळेतील टाकी, संगणकी प्रतिमाने आणि प्रत्यक्ष निरीक्षणे यांच्या आधारे दाखवले की, मेलाँजची लांबी त्याच्या रुंदीच्या तुलनेत जसजशी वाढते, तसतसा हिमनदीवरचा रेटा सरळ प्रमाणात न वाढता घातांकी रीतीने वाढतो. त्यांनी मेलाँजला जगातला सर्वांत मोठा कणमय पदार्थ म्हटले आहे. अरुंद आणि लांब फियॉर्ड म्हणूनच हिमनदीला अनुकूल ठरतो.

याच्या आधी, २०१७ साली अलेक्झांडर रोबेल यांनी या कणांमधल्या सांध्याचा विचार केला होता. तुकड्यांच्या मधला समुद्रबर्फ पातळ झाला तर सगळा थर एकसंध न राहता सहज तुटतो आणि रेटा घटतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. समुद्रबर्फ स्वतः मीटर-दोन मीटरच जाड असतो, आणि तरीही शेकडो मीटरच्या तुकड्यांची पकड त्याच्यावर अवलंबून राहते.

मांडवीकाठ

चर्चा वाचून आनंद झाला, पण मला एक गंभीर आक्षेप नोंदवायचा आहे. मेलाँज सैल झाला आणि हिमनग सुटू लागले, या दोन घटना एका पाठोपाठ घडतात, एवढ्यावरून पहिलीमुळे दुसरी घडली असे म्हणता येत नाही. ज्या उबदार पाण्यामुळे मेलाँज सैल होतो, तेच पाणी हिमकड्याचा पाण्याखालचा भागही वितळवून पोखरत असते. शिवाय उन्हाळ्यात हिमनदीच्या पृष्ठावर वितळलेले पाणी तळाशी जाऊन मुखाखालून उसळते आणि ही पोखरण अधिक जोराने होते. वरचा भाग मग आधाराविना कोसळतो. उन्हाळा आला की हे सगळे एकदमच सुरू होते. यांतले नेमके कारण कोणते, हे ऋतूंच्या साध्या तुलनेतून कळणार नाही.

याचे एक उदाहरण आपल्याला जवळचे आहे. गोव्यात वास्कोला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातर्फे नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ऑलेसुंद येथे २००८ पासून हिमाद्री हे भारतीय संशोधन केंद्र चालवले जाते, आणि तिथल्याच कोंग्सफियॉर्डमध्ये जुलै २०१४ मध्ये इंडार्क ही पाण्याखाली नांगरलेली वेधशाळा बसवली गेली. पाण्याचे तापमान आणि क्षारता यांच्या वर्षभराच्या नोंदी तिच्याद्वारे मिळतात. अटलांटिकचे उबदार पाणी कोंग्सफियॉर्डमध्ये कसे शिरते, हे समजायला अशा नोंदी अत्यावश्यक आहेत. या फियॉर्डच्या टोकाशी क्रोनेब्रीन ही हिमनदी आहे. एड्रियन लकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये क्रोनेब्रीनसह स्वालबार्डच्या तीन हिमनद्यांचा अभ्यास केला, तेव्हा हिमनग सुटण्याचा वेग पाण्याच्या तापमानाशी अगदी जवळून जुळला. तिथे इलुलिसातसारखा दाट मेलाँज नाही. कडाही तुलनेने कमी जाड आहे, त्यामुळे प्रचंड तुकडे उलटण्याऐवजी लहान तुकडे सतत गळत राहतात. अशा हिमनदीचे वर्तन पोखरणीनेच समजते.

म्हणून माझा प्रश्न असा आहे की, ग्रीनलंडमध्ये मेलाँजचा वाटा वेगळा काढून दाखवणारा काही पुरावा आहे का?

हिमयात्रिक

आपला आक्षेप योग्य आहे आणि या क्षेत्रातली बरीच वर्षांची चर्चा याच प्रश्नाभोवती फिरली आहे. मला ठोस वाटणारा पुरावा तीन ठिकाणांहून येतो.

पहिले ठिकाण पश्चिम ग्रीनलंडमधल्या उमानाकजवळची स्टोर हिमनदी. तिच्यासमोरचा मेलाँज सुटण्याच्या आधी आणि नंतर हिमनदीच्या हालचालीतला फरक मोजून, मेलाँज मुखावर ३० ते ६० किलोपास्कल इतका ताण देतो, असा अंदाज २०१२ साली प्रसिद्ध झाला. पुढे जो टॉड आणि पॉल क्रिस्टोफरसन यांनी २०१४ मध्ये संगणकी प्रतिमानात पोखरण आणि मेलाँज यांचा परिणाम वेगवेगळा करून पाहिला. त्या हिमनदीचे मुख हिवाळ्यात पुढे सरकते आणि उन्हाळ्यात मागे येते, हे त्यांच्या प्रतिमानात मुख्यतः मेलाँजमुळे जमले. पोखरणीचा परिणाम त्यापेक्षा दुय्यम राहिला. इथे एक पुरवणी आवश्यक आहे. स्टोरच्या मुखाखालचा तळ आणि फियॉर्डची अरुंद जागा यांमुळे ती मुळातच स्थिर आहे. त्यामुळे हा निष्कर्ष सगळ्या हिमनद्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही.

दुसरा पुरावा ऋतूंच्या तुलनेपेक्षा खूप बारीक वेळमापावर मिळतो, आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो. पाण्याखालची पोखरण दिवस-आठवड्यांत घडते. तासाभरात ती बदलत नाही. रायन कॅसोटो आणि सहकाऱ्यांनी सर्मेक कुयाल्लेकसमोरच्या डोंगरावर रडार ठेवून दर तीन मिनिटांनी मेलाँजची हालचाल टिपली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात असे दिसले की, एरवी शिस्तीने एकत्र सरकणाऱ्या तुकड्यांची हालचाल हिमनग सुटण्याच्या सुमारे एक तास आधी विस्कळीत होऊ लागते. त्याआधी सुरुई श्ये आणि इतरांनी २०१९ मध्ये त्याच ठिकाणी कड्यासमोर दाबून बसलेल्या, कड्याकडे जाड होत गेलेल्या पाचरीसारख्या थराचे निरीक्षण मांडले होते. ती पाचर असेपर्यंत मोठी पडझड होत नव्हती आणि ती सैल होऊन निघून गेल्यावर थोड्याच अवधीत हिमनग सुटत होते. विस्कळीतपणा आधी आणि पडझड नंतर, हा क्रम तासांच्या मापावर दिसणे ही ऋतूंच्या तुलनेपेक्षा वेगळ्या दर्जाची गोष्ट आहे. अर्थात, सुटू लागलेला तुकडाच आतून मेलाँजला धक्के देत असेल, ही शक्यता यातूनही पूर्ण मिटत नाही.

तिसरा पुरावा हिवाळ्याचा आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या कांगेरलुस्सुआक हिमनदीचे मुख दशकभर साधारण एका जागी टिकून होते. २०१६ ते २०१८ च्या दरम्यान बाहेरच्या समुद्राचे पृष्ठभागावरचे पाणी उबदार राहिल्याने हिवाळ्यातही घट्ट मेलाँज बनला नाही, आणि हिमनग सुटणे हिवाळ्यात थांबायचे ते थांबले नाही. मुख सुमारे पाच किलोमीटर मागे गेले. हिवाळ्यात पृष्ठावरचे वितळलेले पाणी मुखाखालून उसळत नसते, त्यामुळे या घटनेत पोखरणीला पूर्ण श्रेय देणे कठीण जाते. सुझॅन बेव्हन यांच्या गटाने २०१९ मध्ये हे सविस्तर मांडले.

आपण म्हणता ते उबदार पाण्याचे मूळ कारण मात्र मी नाकारत नाही, उलट त्याला दुजोरा देणारे उदाहरण सर्मेक कुयाल्लेकचेच आहे. २०१६ च्या सुमारास डिस्को उपसागरातले खोल पाणी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नव्हते एवढे थंड झाले. हिमनदीचा वेग घटला, मुख पुढे आले आणि तिचा खालचा भाग जाडही झाला. इयन जॉकिन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दशकभराच्या नोंदी तपासून जे स्पष्टीकरण दिले, ते आपल्या दोन्ही भूमिकांना जोडणारे आहे. त्यांच्या मते समुद्राचे तापमान हिमनदीचा वेग ठरवते ते मोठ्या प्रमाणावर मेलाँजच्या कणखरपणावाटे. पाणी थंड असले की मेलाँज अधिक काळ घट्ट राहतो, मुख पुढे टिकते आणि वेग कमी होतो.

मांडवीकाठ

तासांच्या मापावरचा क्रम मला विचार करण्याजोगा वाटतो आणि कांगेरलुस्सुआकचा हिवाळाही. जॉकिन यांच्या मांडणीत समुद्र हे मूळ कारण आणि मेलाँज हा त्याचा एक मार्ग ठरतो. या रूपात मला ती मान्य करायला अडचण नाही.

यात एक भर घालतो, कारण ती सहसा राहून जाते. मेलाँज म्हणजे केवळ यांत्रिक अडथळा नव्हे. हिमनगांचा बहुतांश भाग पाण्याखाली असतो आणि तिथे ते वर्षभर वितळत असतात. एलिन एंडरलिन यांनी २०१६ मध्ये इलुलिसात आणि सेर्मिलिक या दोन फियॉर्डांसाठी दाखवले की, तिथल्या गोड्या पाण्याचा मोठा वाटा हिमनग वितळण्यातूनच येतो. या वितळण्याला लागणारी उष्णता फियॉर्डच्या पाण्यातूनच जाते, आणि त्यामुळे फियॉर्डच्या वरच्या थरातले पाणी बरेच थंड होते, असे सेर्मिलिकसाठीच्या २०२० मधल्या प्रतिमानात दिसले. याउलट, वितळलेले गोडे पाणी हलके होऊन वर चढते आणि त्या ओढीने फियॉर्डमधला प्रवाह बदलून बाहेरचे खोल, उबदार पाणी आतही येऊ शकते. तेव्हा मेलाँज असणे हे पोखरणीच्या दृष्टीनेही सरसकट चांगले किंवा वाईट म्हणता येत नाही. फियॉर्डची खोली, उंबरठा आणि हिमनग किती खोल बुडालेले आहेत, यावर ते ठरते.

उत्तरवारा

मेलाँज आणि किनाऱ्याला जखडलेला समुद्रबर्फ या दोन वेगळ्या गोष्टी असल्या तरी त्यांचा आधार कितपत खरा, हे तपासण्याची एक मोठी संधी अंटार्क्टिकात मिळाली, म्हणून ती इथे मांडतो.

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पूर्वेकडची लार्सन ब ही हिमपट्टी, म्हणजे हिमनद्यांना जोडलेला समुद्रावर तरंगणारा जाड बर्फ, २००२ च्या सुरुवातीला काही आठवड्यांत कोसळली. सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर बर्फ नाहीसा झाला आणि तिच्यामागच्या हेक्टोरिया, ग्रीन, इव्हान्स आणि क्रेन या हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी वाढला. पुढे २०११ पासून त्याच रिकाम्या उपसागरात समुद्रबर्फ वर्षानुवर्षे न वितळता टिकून राहिला. त्याच्या आडोशाने या हिमनद्यांच्या तरंगत्या जिभा पुन्हा पुढे वाढल्या. जानेवारी २०२२ मध्ये बाहेरचा समुद्र बर्फमुक्त झाल्याने लांब पल्ल्याच्या लाटा थेट आत पोचल्या आणि हा सगळा बर्फ दोन-तीन दिवसांत फुटून निघाला. त्यानंतरच्या वर्षभरात हेक्टोरिया सुमारे २५ किलोमीटर मागे गेली. त्यातले आठ किलोमीटर २०२२ च्या अखेरच्या दोन महिन्यांत गेले. जमिनीवर टेकलेला बर्फ इतक्या वेगाने मागे हटल्याची नोंद आधुनिक काळात याआधी नव्हती.

वरवर पाहता समुद्रबर्फ गेला आणि हिमनदी सुटली, असे वाटते. पण २०२४ मध्ये एका गटाने प्रतिमानाच्या साहाय्याने तपासले, तेव्हा त्या समुद्रबर्फाने हिमनद्यांच्या प्रवाहाला दिलेला थेट आधार फारच थोडा निघाला. वेग वाढला तो समुद्रबर्फ गेल्यावर हिमनद्यांच्या तरंगत्या जिभा तुटल्यामुळे. याशिवाय २०२५ मध्ये हेक्टोरियाचा अभ्यास करणाऱ्या नाओमी ओख्वाट आणि सहकाऱ्यांनी तिच्या खालच्या सपाट तळाकडे लक्ष वेधले. तिथला बर्फ तळाला जेमतेम टेकलेला होता. तो पातळ होताच मोठे क्षेत्र एकदम तरंगू लागले आणि भराभर तुटले.

हिमयात्रिक यांच्या मूळ मांडणीशी हे तंतोतंत जुळते. प्रवाहाला आधार नगण्य होता, पण मुखाला तुटू न देण्याचे काम तो बर्फ करत होता. आणि ते काम थांबल्यावर पुढे किती नुकसान होईल, हे हिमनदीच्या खाली असलेल्या तळाच्या आकाराने ठरवले.

जिज्ञासू_रत्नागिरी

सर्वांचे आभार. मग पश्चिम अंटार्क्टिकातील थ्वेट्ससारख्या हिमनदीच्या बाबतीतही असा मेलाँज आपोआप साचून ऱ्हास रोखू शकेल का? उंच हिमकडे स्वतःच्याच वजनाने एकामागून एक कोसळत जातील, अशी भीती वाचनात आली होती.

मापनवेडा

ती कल्पना रॉब डिकाँटो आणि डेव्हिड पोलार्ड यांच्या २०१६ च्या कामामुळे विशेष चर्चेत आली. पाण्यावर सुमारे शंभर मीटरपेक्षा उंच गेलेला कडा बर्फाच्या ताकदीपलीकडे जातो आणि मागे आणखी उंच कडा उघडा पडतो, असा तो विचार आहे. जेरेमी बॅसिस आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले की, समोर साचलेल्या तुकड्यांचा थोडासा रेटाही ही साखळी थांबवू शकतो. तान्या श्लेम आणि इतरांच्या २०२२ च्या प्रतिमानांतही मेलाँज धरल्यावर पश्चिम अंटार्क्टिकाचा ऱ्हास बराच मंदावला.

तरीही मी यावर फार भरवसा ठेवणार नाही. रेटा लांबी आणि रुंदी यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो, हे वर आले आहे. इलुलिसातचा फियॉर्ड सुमारे सात किलोमीटर रुंद आहे. थ्वेट्सचे मुख सुमारे १२० किलोमीटर. एवढ्या रुंद, खुल्या जागेत दोन्ही भिंतींचा आधार मधल्या भागापर्यंत पोचायचा तर मेलाँज शेकडो किलोमीटर लांब असावा लागेल, आणि तिथे त्याला अडवून धरणारा उंबरठाही सोयीने मिळायला हवा. तुकडे वाहून जाणार नाहीत एवढा समुद्र थंड आणि समुद्रबर्फाने झाकलेला राहील, हीही अट आहेच, आणि तापमान वाढत असताना नेमकी तीच अट मोडते.

हिमयात्रिक

सहमत आहे. ग्रीनलंडविषयी एक शेवटची भर घालतो, कारण मापनवेडा यांच्या गणितात मेलाँजची जाडी आलेली नाही आणि खरी अडचण तिथेच होती. लांबी आणि रुंदी उपग्रहाच्या कोणत्याही छायाचित्रावरून मिळते. जाडी मात्र पाण्याखाली दडलेली असते. त्या थरावर उभे राहून मोजमाप करणे जिवावरचे काम आहे. इलुलिसातचे मच्छीमार हिवाळ्यात फियॉर्डच्या बर्फावर जाऊन भोके पाडून हॅलिबट पकडतात, पण हिमकड्यासमोरचा थर कोणत्याही क्षणी उधळू शकतो.

आता आइससॅट-२ उपग्रहाच्या लेसरने बर्फ पाण्याच्या किती वर आला आहे, हे मोजता येते, आणि आर्क्टिकचे उंचीदर्शक तपशीलवार नकाशेही उपलब्ध आहेत. वर दिसणाऱ्या उंचीवरून बुडालेला भाग काढता येतो. यू मेंग, चिंग-याओ लाय आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये या दोन्हींच्या आधारे ग्रीनलंडच्या अनेक हिमनद्यांसमोरच्या मेलाँजची जाडी काढली. हिवाळ्यात मेलाँज जाड असतो तेव्हा हिमनग सुटत नाहीत आणि तो पातळ होतो त्या सुमारास सुटू लागतात, असा मेळ त्यांना आढळला. त्यामुळे समुद्रबर्फाच्या सांध्याइतकेच महत्त्व जाडीलाही द्यावे लागेल. कड्याकडे जाड होत जाणारी जी पाचर श्ये यांनी एका हिमनदीपुढे पाहिली होती, तिचा विचार आता अनेक ठिकाणी मोजलेल्या आकड्यांवर करता येतो.

मांडवीकाठ, आपण सांगितलेला हिमनगांच्या वितळण्याचा हिशेबही याच जाडीवर अवलंबून असल्याने, फियॉर्डमधल्या पाण्याचे प्रतिमान आणि मेलाँजच्या रेट्याचे प्रतिमान आता एकाच मोजमापावरून चालवणे शक्य झाले आहे. असे जोडकाम आपल्या वाचनात आले तर इथे अवश्य कळवावे.